दोन नंबरचा डॉक्टर

माझ्या लाडक्या दोघांनो,

गेल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा आजोबा माझ्या शेजारीच बसले होते, म्हणून मी उत्तर द्यायचं टाळलं. तुमचा प्रश्न तसा सरळ होता. ताईने तिथे न्यूझीलंडात बसून बाबांचं नाव इंटरनेटवर शोधलं. महाराष्ट्रातल्या पशुवैद्यांच्या नोंदीत ते सापडलं आणि माणसांच्या डॉक्टरांच्या नोंदीतही सापडलं. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनावही तेच. मग धाकट्याने विचारलं, "आजी, बाबा आधी माणसांचे डॉक्टर होते का? मग ते का सोडलं?" बाबांना विचारलं तर ते हसत सुटले आणि म्हणाले, आजीला विचारा.

आजोबा जागे असताना ही हकीकत सांगता येत नाही. ते दर वाक्याला दुरुस्ती सुचवतात, आणि प्रत्येक दुरुस्तीत त्यांची बाजू थोडी वर जाते. आत्ता दुपार आहे, कानातलं यंत्र काढून ते झोपले आहेत. तेव्हा आजच लिहिते.

ते नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. त्या नावाची माणसं मुरबाडच्या बाजूला अजून बरीच आहेत. एकाचं लिहिलं की सगळ्यांचं लिहिल्यासारखं होईल.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शहापूरला शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि आजोबा टेलिफोन खात्यात होते. तुमच्या आईसाठी स्थळं पाहणं चालू होतं, आणि तिने तोवर तीन मुलांना नाही म्हटलं होतं. त्यातल्या एकाला तर त्याचा चहा संपायच्या आत. त्यामुळे चौथं स्थळ आलं तेव्हा मी फार आशा न धरता पोहे केले.

मुलगा गुरांचा डॉक्टर होता. गाव मुरबाडच्या पलीकडे डोंगराच्या बाजूला, नोकरी किन्हवलीजवळच्या सरकारी दवाखान्यात. आजोबा त्याला बदलीचे नियम विचारत होते. तेवढ्यात शेजारच्या काकूंची शेळी दोरी तोडून आमच्या अंगणात आली. मुलगा बोलता बोलता उठला, शेळीचा ओठ वर करून दात पाहिले, पाय उचलून पाहिला आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या काकूंना म्हणाला, "दोन वर्षांची दिसते. मागचा डावा खूर वाढलाय. छाटून घ्या, नाहीतर लंगडेल." मग हात धुऊन परत येऊन बसला आणि राहिलेले पोहे संपवले.

मंडळी गेल्यावर तुमची आई म्हणाली, "मला चालेल हा."

"एवढ्यात?" मी विचारलं. "काय पाहिलंस त्याच्यात?"

"त्याने माझ्याआधी शेळीकडे पाहिलं. म्हणजे मला दाखवायला काही करत नव्हता."

मुलाकडूनही होकार आला. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी सुपारी फोडायला त्यांनी यायचं ठरलं. राहिली होती ती फक्त चौकशी. आपल्याकडे स्थळाची चौकशी केल्याशिवाय सुपारी फुटत नाही. तिचा रिवाज असा की मुलाच्या घरी काही विचारायचं नाही. गावात, स्टँडवर, दुकानात विचारायचं. आजोबांनी रजा टाकली आणि एसटीने मुरबाड गाठलं.

तिथे जे झालं ते मी आजोबांकडून इतक्या वेळा ऐकलं आहे की मी त्या बाकावर बसले होते असंच मला वाटतं. स्टँडसमोरच्या चहावाल्याला त्यांनी मुलाचं पूर्ण नाव आणि गाव सांगितलं, आणि डॉक्टर आहेत म्हणून सांगितलं. चहावाला त्याच गावचा निघाला.

"डॉक्टर ना? कुठं असतो तुमचा?"

"किन्हवलीकडे."

"मंग तो दोन नंबर."

आजोबांनी बशी खाली ठेवली. "दोन नंबर म्हणजे?"

"दोन नंबरचा डॉक्टर. सगलं गाव त्याला तेच बोलतं. पन मानूस लय चांगला हाय, काय टेन्शन घेव नका."

"अहो, मग पोलीस काही करत नाहीत?"

"पोलीस काय करनार? फौजदाराचा कुत्रा त्यानीच बरा केला."

तुमच्यासाठी इथे थोडं थांबते, कारण तुमचं मराठी घरापुरतं आहे. 'एक नंबर' म्हणजे उत्तम. 'दोन नंबर' म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा असं तुम्हाला वाटेल, पण तसं नाही. दोन नंबरचा पैसा म्हणजे लपवलेला पैसा. दोन नंबरचा माल म्हणजे बनावट किंवा चोरटा माल. दोन नंबरचा डॉक्टर म्हणजे काय, हे आजोबांना कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती.

आजोबा घरी आले, पाय धुतले, आणि पाणीसुद्धा न मागता म्हणाले, "मुलगा बोगस आहे."

"कोण म्हणालं?" तुमच्या आईने विचारलं.

"त्याच्या गावचाच माणूस म्हणाला, आणि तेही कौतुकाने. सगळ्या गावाला माहीत आहे. पोलिसांनाही माहीत आहे."

"बाबा, सरकारी दवाखान्यात बोगस डॉक्टर कसा असेल?"

"म्हणूनच तर दोन नंबर. उघड असता तर एक नंबर असता."

मी नीटनेटकेपणाने विचार करणारी बाई. मी म्हटलं, लोक काही का म्हणेनात, पदवीधर डॉक्टरांची सरकारदरबारी नोंद असते. ती पाहू या. आज तुम्ही जे दोन मिनिटांत पाहिलंत त्यासाठी तेव्हा ओळखी लागत. नोंदीची पुस्तकं छापील असत आणि ती मुंबईला. आजोबांच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे मेहुणे मुंबईत डॉक्टर होते, त्यांना फोन केला. आमची चूक एवढीच झाली की 'डॉक्टरांच्या नोंदीत नाव पाहा' असं सांगितलं, गुरांचे की माणसांचे ते सांगितलं नाही. मेहुण्यांनी आपल्या पुस्तकात पाहिलं आणि दोन दिवसांनी कळवलं: नाव आहे. एमबीबीएस. पत्ता, मुरबाड तालुक्यातलं तेच गाव.

म्हणजे मुलगा माणसांचा डॉक्टर निघाला.

"मग तो गुरांच्या दवाखान्यात काय करतोय?" आजोबा म्हणाले.

आता पशुवैद्यांची नोंदही पाहणं आलं. त्यासाठी दुसरी ओळख काढली. तिथूनही निरोप आला की नाव आहे, गाव तेच आहे.

तुमची आई एवढंच म्हणाली, "दोन माणसं असतील."

"एकच नाव, एकच बाप, एकच गाव, आणि दोघंही डॉक्टर?" आजोबा म्हणाले. "मी रोज डिरेक्टरीच बघतो ना."

"डिरेक्टरीत एका नावाच्या चार ओळी असतात, असं तुम्हीच सांगता. नंबर वेगळा म्हणजे माणूस वेगळा."

"मुळीच नाही. एकाच माणसाचा घरचा नंबर वेगळा आणि दुकानाचा वेगळा असतो. हा माणूस तसाच आहे. इथे घर, तिथे दुकान."

खरं सांगायचं तर मलाही दोन माणसं पटत नव्हती. मी इतकी वर्षं पाचवीच्या वर्गाला शिकवत आले होते की विशेषनाम म्हणजे एका विशिष्ट व्यक्तीचं नाव. तीन-तीन विशेषनामं ओळीने जुळल्यावर माणूस एकच, असं माझं व्याकरण सांगत होतं.

अडचण अशी होती की मुलाला सरळ विचारता येत नव्हतं. तुम्ही बोगस आहात का, असं ज्याला विचारलं तो खरा निघाला तर त्या घरातून पुन्हा निरोप यायचा नाही. न विचारता सुपारी फोडली आणि तो खोटा निघाला तर मुलीचा जन्म गेला. आजोबांनी ठरवलं की नकार कळवायचा, कारण म्हणून पत्रिकेचं नाव सांगायचं. तुमची आई भांडली नाही. ती जेवायला बसली आणि भात चिवडत राहिली. तिला मी तसं कधी पाहिलं नव्हतं. तीन मुलांना नाही म्हणताना ती दोन पोळ्या जास्त खायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेजारी काकूंकडे गेले. शेळी अंगणात होती आणि खरोखरच मागच्या डाव्या पायाने लंगडत होती.

"खूर छाटला नाही का?" मी विचारलं.

"कोन छाटनार बाई? आमचं म्हातारं घाबरतं, लाथ मारते म्हनून."

"मग किन्हवलीला नेऊ या. मी येते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. भाताची लावणी, चार घरचं धुणं-भांडं असल्या गोष्टींत त्यांचं आयुष्य गेलेलं, पण माणसं त्यांना झटकन कळत. "शेलीला तर हितं शापूरलाच नेता येल," त्या म्हणाल्या. मग हातातलं भांडं खाली ठेवत, "चला. लुगडं बदलून येते."

अशा रीतीने, मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेली तुमची आजी शाळेला रजा टाकून एका शेळीबरोबर किन्हवलीच्या जीपमध्ये बसली. जीपवाला कुरकुरला.

"शेलीची शीट भरावी लागंल."

"मांडीवर घेते की तिला," काकू म्हणाल्या. "गप बसंल ती. तुज्यावानी बडबड नाय करत."

"लेंड्या टाकल्या तर?"

"तर पुसशील. तुजी मानसं पान खाऊन थुकतात ती पुसतोस ना."

जीपमधली माणसं हसली आणि शेळीला जागा झाली. वाटेत तिने माझ्या पदराचं टोक खाल्लं. मी ते लक्षात आल्यावरही ओढून घेतलं नाही. शेळीशी भांडणं शोभलं नसतं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि पुढे जनावर बांधायचा लाकडी खोडा. तुमचे बाबा एका बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून उभे होते. आम्हाला पाहून त्यांनी हात काढला नाही, फक्त मान हलवली. बैलाचं आटोपल्यावर हात धुतले आणि शेळीचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरला. चार-पाच वेळा सुरी फिरवली, खूर साफ झाला. शेळीने लाथ मारली नाही. काकू म्हणाल्या, "म्हाताऱ्याला दाखवाया पायजे हे."

मी तोवर भिंतीकडे पाहत होते. फ्रेममध्ये पदवी होती, त्यावर नाव होतं. पण नावाबद्दल तर प्रश्नच नव्हता.

बाबांनी सुरी पुसून ठेवली. "शेळीचं झालं. आता तुमचं काय ते सांगा, बाई. खूर छाटायला शहापूरहून इथवर कुणी येत नाही."

ते मला बाई म्हणाले, सगळे विद्यार्थी म्हणतात तसं, त्यामुळे मला थोडा धीर आला. मी विचारलं, "तुम्हाला गावात दोन नंबरचा डॉक्टर का म्हणतात?"

 त्यांच्या लक्षात आलं की मी काय समजले आहे, आणि ते खुर्चीवर बसून इतके हसले की बाहेरचा बैलवाला डोकावून गेला.

"बाई, ते हजेरीचं आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या गावात घरातल्या पहिल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. आजोबांची नावं गावदेवाची, आणि गावदेवाला नावं दोन. पिढ्यान्‌पिढ्या तीच दोन नावं आलटून पालटून येत राहतात. आडनाव तर सगळ्या आळीचं एकच. बाबा जन्मले त्याच वर्षी चार घरं सोडून आणखी एक पहिला नातू जन्मला. पहिलीत गुरुजींनी नाव पुकारलं आणि दोन पोरं उभी राहिली. गुरुजींनी तिथल्या तिथे एकाला एक नंबर केलं, दुसऱ्याला दोन नंबर.

"तो आधी उठला, एवढंच," बाबा म्हणाले. "मी खिडकीतून म्हैस बघत होतो."

पुढे एक नंबर माणसांचा डॉक्टर झाला आणि कल्याणला एका हॉस्पिटलात लागला. दोन नंबर गुरांचा डॉक्टर झाला. गावाने हजेरी बदलली नाही.

मी आणि काकू परत आलो. काकूंनी जीपमधून उतरता उतरता कुंपणावरूनच तुमच्या आईला ओरडून सांगितलं, "दोन हायेत गो, दोन. तुजा खरा हाय." त्या दिवशी दुपारी तुमची आई तिसऱ्यांदा भात वाढून घेत होती.

आजोबांचं मात्र समाधान झालं नाही.

"हे कोणी सांगितलं? त्यानेच ना?"

"पदवी पाहिली मी."

"पदवीवर नाव आहे. नाव तर दोन्हीकडे आहे."

"मग तुम्हाला काय हवं आहे?"

"दोघं एका वेळी एका जागी दिसले पाहिजेत," आजोबा म्हणाले.

मी बाबांना दवाखान्याच्या पत्त्यावर तसं कळवलं. गोड शब्दांत लिहिलं, की तुमच्या मित्रालाही सुपारीला आणा. त्यांना सगळं कळलं असणार. रविवारी जीप भरून मंडळी आली, आणि त्यात एक नंबर होते, बायको आणि आईसह. बारीक, चष्मा लावलेले, तुमच्या बाबांपेक्षा एक डोकं उंच. दोघांत कणभर साम्य नव्हतं.

आजोबा ओटीवर उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला आणि ऑफिसात पुकारतात तसं ते पूर्ण नाव पुकारलं, तिन्ही शब्द.

"हजर," दोघं म्हणाले.

मंडळींत हशा पिकला. तुमच्या बाबांची आई, म्हणजे तुमची मुरबाडची आजी, आजोबांना म्हणाली, "खात्री झाली का, भाऊ? का आजून एकदा घेतासा हजेरी? आमी बसतो उन्हात."

आजोबा म्हणाले, "झाली, झाली. आत या."

मग पान-सुपारी होईपर्यंत त्याच दोन नावांच्या गोष्टी निघाल्या. दोघांच्या वडिलांचीही नावं एकच, त्यामुळे पोस्टमन दोन्ही घरांची पत्रं एकाच ओटीवर टाकायचा. एमबीबीएसला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं ते मुरबाडच्या आजीच्या हातात पडलं. तिने पोरगा डॉक्टर होणार म्हणून अख्ख्या गावाला साखर वाटली. संध्याकाळी कळलं की पत्र एक नंबरचं.

"मग काय केलंत?" मी विचारलं.

"करनार काय? वाटलेली साकर कुनाच्या तोंडातून काडनार? म्हनलं खावा, त्यो बी आपलाच." मग तिने एक नंबरच्या आईकडे बोट दाखवलं. "माज्या पोराचं पत्र आलं तवा हिनं वाटली. फिटंफाट झाली."

सुपारी फुटली. तीन महिन्यांनी लग्न झालं. लग्नपत्रिकेत नावापुढे 'पशुवैद्य' छापलं. ते आजोबांनी प्रेसमध्ये स्वतः उभं राहून छापून घेतलं.

यानंतरचं आहे ते ताईच्या जन्माचं, दोन हजारनंतरच्या वर्षांतलं. तोवर एक नंबरांनी कल्याणला स्वतःचं बाळंतपणाचं हॉस्पिटल काढलं होतं, तेव्हा तुमच्या आईने दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. ताई सुखरूप झाली. जन्माची नोंद करायला आजोबा गेले. खिडकीवरच्या तरुण कारकुनाने कागद पाहिला आणि परत सरकवला.

"काका, चूक झालीये. डॉक्टरच्या जागी बाळाच्या वडिलांचं नाव पडलंय."

"ते डॉक्टरांचंच नाव आहे," आजोबा म्हणाले.

"आणि वडिलांच्या जागी?"

"ते वडिलांचं आहे. वडीलही डॉक्टरच आहेत."

"म्हणजे वडिलांनीच बाळंतपण केलं?"

"नाही हो. वडील गुरांचे डॉक्टर आहेत."

कारकुनाने मागच्या टेबलावरच्या माणसाला बोलावलं. दोघांनी मिळून कागद पाहिला.

"एकच नाव, एकच आडनाव, दोघंही डॉक्टर," कारकून म्हणाला. "असं कसं असेल, काका?"

आजोबा मला नेहमी सांगतात की त्या वेळी त्यांना माझी फार आठवण झाली. त्यांनी खिडकीशी उभं राहून पहिली इयत्ता, गावदेव, म्हैस, सगळं सांगितलं. मागे रांग लागली होती. शेवटी कारकुनाने विचारलं, "पण तुम्हाला एवढी खात्री कशावरून?"

"मी स्वतः हजेरी घेतली आहे," आजोबा म्हणाले.

नोंद झाली. धाकट्याच्या वेळी त्याच खिडकीवर तोच कारकून होता, आणि त्याने मान वर न करता विचारलं, "काका, एक नंबर आणि दोन नंबर दोघं बरे आहेत ना?"

तेव्हा, धाकट्या, तुझं उत्तर असं की तुझे बाबा कधी माणसांचे डॉक्टर नव्हते, आणि त्यांनी काही सोडलेलंही नाही. तुला मुरबाडच्या आजीने बारशाला गावदेवाचं नावच ठेवलं होतं, पण तुझी आई म्हणाली की ते नाव पाळण्यापुरतं राहू दे, शाळेत दुसरं घालू. म्हणून तुझ्या वर्गात तुझ्या नावाचा तू एकटा आहेस.

आजोबा उठले वाटतं, चहाची भांडी वाजतायत. एवढंच लिहून ठेवते. एक नंबरांचं हॉस्पिटल कल्याणला चालू आहे, ते स्वतः रोज सकाळी तिथे बसतात. त्यांचं नाव त्यांच्या नोंदीत आहे, तुमच्या बाबांचं त्यांच्या नोंदीत आहे. किन्हवलीच्या दवाखान्याची इमारत नवी झाली, लाकडी खोडा जुनाच ठेवला आहे. आणि गावच्या शाळेत यंदा पहिलीला त्या नावाची तीन मुलं आहेत.